एक्केचाळीस टक्क्यांवर उचललेलं काम

लग्नाला सहा महिने झाले नव्हते, तेव्हा मापसाहेबांनी स्वतःच्या बायकोची टेप जप्त केली होती.

साहेब वजनमापं खात्यात निरीक्षक. दुकानात शिरले की भल्याभल्या दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. घरी बायको शिवणकाम करायची आणि तिच्या गळ्यात दिवसभर एक पिवळी कापडी टेप लोंबत असायची. एका रविवारी साहेबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी ती टेप खात्याच्या पोलादी मीटरपट्टीला लावून पाहिली. वापरून वापरून ताणली गेली होती. मीटरमागे आठ मिलिमीटर जास्त!

"अहो, अंगही मी हिनंच मोजते आणि कापडही हिनंच कापते," बायको म्हणाली. "मग बिघडलं कुठं? आजवर कुणाचे कपडे घट्ट झाले का?"

"प्रश्न कपड्यांचा नाही, मापाचा आहे."

टेपला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली गेली, 'सदोष. जप्त.' आणि ती ड्रॉवरात गेली. बाईंनी दुसऱ्या दिवशी नवी टेप आणली, आणि पुढची एकोणचाळीस वर्षं महिन्यातून एकदा तरी त्या गोष्टीचा उद्धार केला. साहेब हसून सोडून द्यायचे. स्वतःच्या बरोबर असण्याची त्यांना इतकी सवय झाली होती, की कुणी कुरकुर केली तर त्यांना माणूस थकला असेल असं वाटायचं.

निवृत्तीनंतर अशा माणसाचं काय होणार? घरातली घड्याळं मिनिटाला जुळवून झाली. कपाटाची दारं ओळंब्यात आली. दूधवाल्यानं रस्ता बदलला. मग वाचनालयात ती सूचना लागली आणि बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सूचना नदीच्या अभ्यास केंद्राची होती. वरच्या धरणातून एकदम पाणी सोडावं लागलं तर गावात कुठल्या रस्त्यावर किती चढेल, याचं गणित केंद्राला करायचं होतं. गणित अवाढव्य आणि केंद्राकडे मोठं यंत्र नाही. म्हणून त्यांनी गावालाच हाक घातली होती: तुमचा घरचा कॉम्प्युटर रिकामा बसलेला असतो तेव्हा आम्हाला द्या. गणिताचे त्रेसष्ट तुकडे केले आहेत. एकेक तुकडा तुमच्या यंत्रावर येईल, पाचसहा आठवडे चालेल आणि झाला की आपोआप आमच्याकडे परत येईल. खाली एक नियम ठळक छापला होता. प्रत्येक तुकडा दोन वेगवेगळ्या घरांतल्या यंत्रांवर चालेल आणि दोन्ही निकाल जुळले तरच धरला जाईल.

"शाब्बास!" साहेब सूचनेकडे बघत मोठ्यानं म्हणाले. "दोन स्वतंत्र साक्षीदार. याला म्हणतात तपासणी."

महिन्याभरात साहेब त्या कामातले सगळ्यात जाणकार झाले. त्यांची खासियत म्हणजे अर्धवट काम हलवणं. लोकांचे कॉम्प्युटर मध्येच बंद पडत, विकले जात, नातवंडं त्यावर सरबत सांडत. तीस-चाळीस टक्के झालेला तुकडा वाया जायची वेळ आली की साहेबांना बोलावणं यायचं. ते पेन ड्राइव्ह घेऊन जात, कामाचा फोल्डर जसाच्या तसा उचलत, दुसऱ्या यंत्रावर ठेवत, आणि जिथं थांबलं तिथून गणित पुढे चालू व्हायचं. त्याची रीत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून वाचनालयात लावली होती. आधी प्रोग्रॅम थांबवा. मग पूर्ण फोल्डर उचला, निवडक फायली नाहीत. हलवल्यावर जुन्या यंत्रावर तेच काम पुन्हा सुरू करू नका. कागदाला प्लॅस्टिकचं आवरणही घातलं होतं. चौथा नियम तिथं हवा होता, पण तो साहेबांना तेव्हा सुचला नाही. कुणालाच सुचला नाही.

त्रेसष्टावा तुकडा शाळेचा. नदीच्या वळणावर, खालच्या वस्तीला लागून असलेली प्राथमिक शाळा आणि तिच्याभोवतीचे चार रस्ते. तो साहेबांच्या यंत्रावर आला, आणि जोडीदार म्हणून यादीत नाव कुणाचं? मेहुण्याचं! बाईंचा धाकटा भाऊ दातांच्या कवळ्या बनवायचा, दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, आणि साहेबांच्या शब्दाबाहेर नव्हता. दोघांना केवढा आनंद झाला. रोज सकाळी फोन. "भावोजी, माझं बारा टक्के." "माझं पंधरा, उरकतं घे जरा."

आणि मग साहेबांचा जुना कॉम्प्युटर धड चालेना. अधूनमधून पडदा निळा पडायचा, आपला आपण बंद होऊन चालू व्हायचा. साहेबांनी नवा आणला आणि तुकडा एक्केचाळीस टक्क्यांवर असताना रीतसर हलवला. नव्यावर गणित गुमान चालू लागलं. त्याच दुपारी मेहुण्याचा फोन आला.

"भावोजी, माझ्या डब्यातून धूर निघाला हो! सगळं गेलं. मुलीचा जुना कॉम्प्युटर आहे घरात, पण पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे मुदत टळणार. माझ्यामुळं तुमचाही तुकडा अडकून राहणार."

साहेब त्याच पेन ड्राइव्हसकट तिथं पोहोचले. बाईही बरोबर होत्या, भावाकडे जायचंच होतं. साहेबांनी मुलीच्या कॉम्प्युटरवर मेहुण्याची ओळख सांगणारी फाईल तेवढी त्याची ठेवली आणि बाकी काम पेन ड्राइव्हवरून आपलं ओतलं. पडद्यावर एक्केचाळीस टक्के उमटले. मेहुण्यानं हात जोडले.

"म्हणजे आता ह्याच्यावर तुमचंच गणित चाललंय?" बाईंनी विचारलं.

"गणित ते गणित. तुझंमाझं काय त्यात?"

"मग हे दोघं एकमेकांना तपासणार कसे?"

"अगं, पुढचे एकोणसाठ टक्के दोघं वेगळेच करणार आहेत ना! तुला काय कळतंय मोजमापातलं."

भावानं चहा आणला आणि विषय तिथंच राहिला.

मुलीचा कॉम्प्युटर फार मंद निघाला. मेहुण्याची मुदत चार दिवसांनी टळलीच, आणि अशा वेळी केंद्राचा नियम असा की तोच तुकडा तिसऱ्या घरी पाठवायचा. तिसरं घर नेमकं कोणतं असावं? साहेबांचंच, पण यंत्र वेगळं. शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बाईंचा एक लॅपटॉप असायचा, त्यावर त्या कपड्यांचे नमुने बघायच्या. ग्रंथपालांना सांगून त्यांनी त्यावर स्वतःच्या नावानं हे काम कधी सुरू करून घेतलं, साहेबांना पत्ताच नव्हता; केंद्राच्या यादीत ते वेगळं घर होतं. चार दिवस उशिरा का होईना मेहुण्याचा निकाल गेला, तो साहेबांच्या निकालाशी जुळला, तुकडा पक्का झाला. पुढे सहा आठवड्यांनी बाईंचा निकाल गेला, तेव्हा त्यांना केंद्राकडून दोन ओळींचं आपोआप निघालेलं पत्र आलं. तुमचा निकाल मान्य निकालाशी जुळत नाही. कृपया आपलं यंत्र तपासून घ्यावं.

पत्र साहेबांनी वाचलं आणि ते पोट धरधरून हसले.

"टेप ताणली वाटतं तुझी!"

आल्यागेल्याला सांगितलं. मेहुण्याला फोन करून सांगितलं. आठवडाभर जेवताना मीठ कमीजास्त झालं तरी, "मान्य निकालाशी जुळत नाही हं," असं चाललं होतं. बाईंनी तो प्रोग्रॅम बंद केला, लॅपटॉपवर कापड टाकलं आणि एका शब्दानं उत्तर दिलं नाही. तेव्हाच साहेबांना काहीतरी कळायला हवं होतं, कारण उत्तर न देणं हा त्यांच्या बायकोचा स्वभाव नव्हता. पण ज्याला सगळं कळतं त्याला हे कुठून कळायला!

असे दोन महिने गेले. मग तो मंगळवार उजाडला.

वाचनालयाच्या सभागृहात सकाळी दहा वाजता पुराचा नकाशा लागणार होता. खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी मेहुणा इस्त्रीचा सदरा घालून. बाई आल्या नव्हत्या. एक गाऊन संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, निदान त्यांनी तसं सांगितलं होतं. ग्रंथपाल उत्साही माणूस. त्यांनी निळ्या रंगात चढणारं पाणी दाखवलं, मग शाळेवर हिरवा ठिपका दाखवला.

"खालच्या वस्तीनं आणि शाळेतल्या मुलांनी कुठं जमायचं हा मोठा प्रश्न होता. तो सुटला. शाळेतच! पाणी शाळेच्या व्हरांड्याच्या आठ सेंटिमीटर खालीच थांबतं. म्हणजे मुलांना हलवायचीही गरज नाही, उलट वस्तीच शाळेत येईल. आणि मंडळी, हा तुकडा किती पक्का आहे सांगू?" त्यांनी कागद उंचावला. "दोन घरांचे निकाल नऊ दशांश स्थळांपर्यंत सारखे! एका आकड्याचा फरक नाही. बाकीच्या बासष्ट तुकड्यांत असं एकदाही झालेलं नाही. सगळीकडे सहाव्या-सातव्या आकड्याला थोडा फरक आहेच. मापसाहेब, उभे राहा. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मेहुणा उठलासुद्धा. साहेब उठायला गेले आणि गुडघे अर्धे सरळ झाले असतानाच थबकले.

नऊ आकडे सारखे?

प्रत्येक यंत्र सुरुवातीलाच आपापला आकडा केसभर वेगळा धरायचं, म्हणून दोन वेगळी यंत्रं शेवटच्या आकड्याला थोडी हलणारच. बासष्ट तुकडे हलले होते. दोन वेगळ्या वजनांत केसाएवढा फरक असतोच असतो. नसला तर वजनं वेगळी नाहीत. ही गोष्ट या गावात कुणाला माहीत नव्हती? साहेबांनीच ती दोनशेदा सांगितली होती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका धान्यवाल्याकडे पाच-पाच किलोची दोन वजनं मिळाली होती, काट्यावर एकमेकांशी तंतोतंत. मदतनीस म्हणाला, साहेब, प्रामाणिक दिसतोय. साहेबांनी दोन्ही उलटी केली, बुडाची चकती काढली. आत दोन्ही सारखीच पोकळ. एकाच साच्यातली. "चोराला साक्षीदार म्हणून चोराचाच भाऊ," असं म्हणून साहेब ती गोष्ट संपवायचे आणि लोक हसायचे.

"भावोजी, उभे राहा की," मेहुणा कुजबुजला. "सगळे बघतायत."

साहेब उभे राहिले. टाळ्या वाजत होत्या आणि त्यांना त्या कानात पाणी गेल्यासारख्या ऐकू येत होत्या. पुढचे एकोणसाठ टक्के दोघांनी वेगळे केले होते, खरं आहे. पण पहिल्या एक्केचाळीसात चूक असेल तर? त्या चुकीवर दोन यंत्रांनी इमानेइतबारे एकोणसाठ टक्के रचले असणार. आणि पहिले एक्केचाळीस कुठल्या यंत्रावर झाले होते? निळं पडणाऱ्या.

ते सभागृहाबाहेर पडले. मागून ग्रंथपालांचा आवाज आला, "साहेब भावुक झाले." वर पुन्हा टाळ्या.

घरी जुना कॉम्प्युटर पलंगाखाली चादरीत गुंडाळून ठेवला होता. साहेबांनी तो ओढून काढला, जमिनीवरच जोडला आणि मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावला. शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं. साहेब मांडी घालून पडद्यासमोर बसून राहिले. देवाला मानायचे नाहीत, तरी मनात म्हणाले, हिरवं दाखव, एवढं हिरवं दाखव, पुन्हा कुणाला हसणार नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अकराव्या मिनिटाला पहिली लाल ओळ आली. मग दुसरी. मग ओळींनी पडदा भरत गेला. मेमरी सडलेली होती. ते यंत्र किती दिवस चुकीचे आकडे साठवत होतं, देव जाणे. आणि त्यांनी ते आकडे मोठ्या निगुतीनं, पूर्ण फोल्डर, निवडक फायली नाहीत, असे उचलून दोन घरांत नेऊन ठेवले होते.

आयुष्यभर लोकांची वजनं उलटी करून बुडं पाहिली. आपलं बूड पाहायचं राहिलं.

'अंगही हिनंच मोजते आणि कापडही हिनंच कापते.' एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य त्यांना इतकं स्पष्ट ऐकू आलं, की त्यांनी दचकून दाराकडे पाहिलं. दारात बाई उभ्या होत्या. मशीन कधी थांबलं ते त्यांना कळलंच नव्हतं.

"काय झालं? चेहरा पांढराफटक पडलाय."

"चुकलंय," साहेब म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून दुसऱ्याबद्दल सोडून कधी निघाला नव्हता, म्हणून तो नीट निघालाही नाही. "शाळेचा तुकडा. दोन साक्षीदार नव्हतेच. एकच होता. तोही खोटा."

बाई हळूच पलंगावर टेकल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "भावाकडे. त्याच दिवशी."

"हो."

"तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय."

"हो."

"मलाही वाटलं, खरंच आपल्याला काय कळतंय. पत्र आलं तेव्हा तर खात्रीच झाली. दोन महिने मी त्या लॅपटॉपकडे बघितलं नाही हो. लाज वाटायची." बाईंचा आवाज एवढा एकदाच हलला.

पूर, शाळा, नकाशा सगळं होतंच. पण आपण हिला आठवडाभर जेवताना हसलो, हे आत्ता, या क्षणी, त्यांना सगळ्यात जास्त टोचलं. काही वेळानं त्यांनी विचारलं, "तुझा निकाल काय होता? आकडा आहे कुठं?"

"कागदावर नाही. शाळेत आहे."

"शाळेत?"

"पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांच्या गणवेशांची मापं घ्यायला गेले होते. म्हटलं, चुकलं तर चुकलं, पण बेचाळीस दिवस चाललेलं काम आहे, कुठंतरी टिपून ठेवावं. कपडा उसवला तरी माप मी फेकत नाही. व्हरांड्याचा तिसरा खांब. खडूची निळी रेघ आहे. ती माझ्या मशीननं सांगितलेली पाण्याची रेघ." मग त्या एकदम उठल्या. "अहो, पण तिथं तर पेंटर गेलाय! सकाळी शिडी घेऊन जाताना पाहिला मी. भिंतीवर पाटी लिहिणार म्हणत होता."

साहेबांनी ड्रॉवर उघडला, पोलादी टेप म्हणून जे हाताला लागलं ते खिशात कोंबलं आणि ते चपला उलटसुलट घालून निघाले. अडुसष्टाव्या वर्षी माणूस पळत नाही, पण साहेब पळाले. उतारावरून खाली, गिरणीच्या कोपऱ्यावरून डावीकडे. वाटेत दोघांनी "काय साहेब, अभिनंदन!" म्हटलं. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शाळेची मधली सुट्टी होती. व्हरांड्यात पोरांचा नुसता गिल्ला. समोरच्या भिंतीवर शिडी, शिडीवर पेंटर, आणि भिंतीवर हातभर उंचीची लाल अक्षरं ओली चकाकत होती: 'पूर आल्यास येथे'. पुढची जागा रिकामी होती. पेंटर ब्रश पुसत होता.

साहेब आधी खांबाकडे गेले. पहिला, दुसरा, तिसरा. रेघ होतीच. शिंप्याच्या निळ्या खडूची, बोटभर लांब, अगदी आडवी. खिशातून टेप काढली तर ती पोलादी नव्हती. पिवळी कापडी टेप होती, दोऱ्याला चिठ्ठी लटकलेली. सदोष. जप्त. क्षणभर त्यांनी हातातल्या त्या टेपकडे पाहिलं. मग गुडघ्यावर बसून तिचं टोक फरशीला लावलं आणि ती रेघेपर्यंत ताणली. सत्तेचाळीस इंच. आठ मिलिमीटर इकडे की तिकडे, आता त्यानं काय फरक पडणार होता?

सत्तेचाळीस इंच म्हणजे किती, हे त्यांच्या डोक्यात भरेना. आकड्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला आकडा दिसेना. तेवढ्यात पहिलीतली एक मुलगी लपाछपी खेळताना पळत आली, खांबाला पाठ चिकटवून उभी राहिली आणि तोंडावर बोट ठेवून साहेबांना म्हणाली, "आजोबा, सांगू नका हं."

रेघ तिच्या डोक्याच्या वर होती. चांगली चार बोटं वर.

त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग व्हरांडाभर धावणाऱ्या तिच्याएवढ्या सगळ्या डोक्यांकडे पाहिलं. सगळी रेघेच्या खाली होती. 'उलट वस्तीच शाळेत येईल,' ग्रंथपाल म्हणाले होते, आणि टाळ्या पडल्या होत्या, आणि आपण उभे राहिलो होतो. खांबाला धरून ते उठले.

"थांबा!" ते ओरडले. पोरं चपापून गप्प झाली. "पेंटर, थांबा. पुढं लिहू नका."

"का हो साहेब? काय शुद्धलेखन चुकलं का?"

"गणित चुकलंय. शाळा पाण्यात जाणार आहे."

पेंटर शिडीवरून खाली बघत हसला. "कायतरीच काय. वाचनालयातनं ऑर्डर आहे. अर्धं लिहिलंय, अर्धंच सोडून जाऊ? रंग वाळेल. कुणीतरी जबाबदार माणसानं सांगायला पाहिजे."

साहेबांनी फोन काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. ग्रंथपालांच्या मागे अजून चहाच्या कपांचा आवाज येत होता.

"साहेब! कुठं गायब झालात? अहो, केंद्राच्या मॅडमचा फोन आला होता, तुमचं अभिनंदन—"

"शाळेचा हिरवा ठिपका पुसा."

"काय?"

"शाळेचा निकाल खोटा आहे. मी केलेला आहे. माझा जुना कॉम्प्युटर बिघडलेला होता आणि त्याच्यावरचं अर्धवट काम मीच उचलून मेहुण्याच्या यंत्रावर ठेवलं. दोन निकाल जुळले म्हणता, ते दोन नाहीत. एकच आहे." हे सगळं ते व्हरांड्याच्या मधोमध उभं राहून बोलत होते, आणि वर्गातून बाहेर आलेल्या शिक्षिका, पेंटर, पोरं, सगळे ऐकत होते. "केंद्राला सांगा, तो तुकडा नव्यानं दोन घरी पाठवा. माझ्या घरी नको. मेहुण्याच्या घरीही नको. आणि माझा तो कागद भिंतीवरून काढा."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ग्रंथपाल अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "अहो, पण त्या तुकड्याचा एक तिसरा निकाल आला होता. जुळत नाही म्हणून आपण फेकला. तो कुणाचा होता?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना फाटकातून येणारी बायको दिसली. धापा टाकत येत होती. गळ्यात रोजची टेप तशीच लोंबत होती आणि काखेत कापडात गुंडाळलेला लॅपटॉप होता, दोन महिन्यांनी बाहेर काढलेला.

"माझ्या बायकोचा," साहेब फोनमध्ये म्हणाले. "बरोबर तेवढा एकच होता."

बाईंनी ते ऐकलं. त्या खांबाशी आल्या, साहेबांच्या हातातल्या पिवळ्या टेपकडे पाहिलं, चिठ्ठी वाचली, आणि ती टेप त्यांच्या हातातून काढून घेऊन शांतपणे आपल्या गळ्यात घातली. आता गळ्यात दोन टेपा झाल्या. खांबामागची मुलगी अजून तोंडावर बोट ठेवून उभी होती. बाईंनी तिला खांद्याला धरून आपल्याजवळ ओढलं.

"मग आता काय करू मी?" शिडीवरून पेंटरनं विचारलं. ब्रशावरून लाल थेंब भिंतीवर ओघळत होता. "एवढं झालंय. 'पूर आल्यास येथे'. पुढं 'थांबावे' लिहायचं होतं. पुसू का सगळं?"

"पुसू नका," बाई म्हणाल्या. "पुढं 'थांबू नये' लिहा."

पेंटरनं साहेबांकडे पाहिलं. गावात कुठलंही माप पक्कं करायचं तर लोक वर्षानुवर्षं तिकडेच पाहत आले होते.

"माझ्याकडे काय बघताय?" साहेब म्हणाले. "ती सांगते तसं लिहा."